पानं भरपूर, फूल नाही: पावसाळी लिलीच्या चार कुंड्या

एका काकांच्या गच्चीवर चार कुंड्या. चारींत पावसाळी लिलीचे, म्हणजे झेफिरँथसचे कंद: एकीत गडद गुलाबी, एकीत पिवळी, एकीत पांढरी आणि चौथीत फिकट गुलाबी, फूल जरा मोठं असलेली जात. लावली त्या उन्हाळ्यात चारही कुंड्या फुलल्या. पुढचे दोन उन्हाळे रिकामे गेले. पानं मात्र इतकी दाट की नवख्या माणसाला वाटावं, काकांनी हौसेनं कुंडीत गवत लावलंय.

काकांनी स्वतःच दोन निदानं करून ठेवली होती. "एक तर कंद म्हातारे झालेत, नाहीतर विकणाऱ्यानं टोपी घातली." दोन्ही पटण्यासारखी नव्हती. या कंदांना तसं म्हातारपण येत नाही. मूळ कंद थकायच्या आधीच त्याच्या बुडाशी पिल्लं धरलेली असतात आणि कालांतरानं तीही फुलण्याजोगी होतात. आणि फसवणूक असती तर पहिल्या वर्षीही काही उमललं नसतं.

उलट पहिल्या वर्षीच्या फुलांनीच निम्मं निदान करून दिलं होतं. विकत आणलेला कंद बहुतेक वेळा काही आठवडे कोरडा राहिलेला असतो आणि आधीच्या हंगामात धरलेल्या कळ्या त्याच्या पोटात तयार असतात. असा कंद मातीत ठेवून भरपूर पाणी दिलं की दांडा वर येणारच. त्या फुलांचं श्रेय कुंडीच्या मालकाचं नसतं, कंद ज्या वाफ्यात वाढला त्या वाफ्याचं असतं. मालकाची परीक्षा दुसऱ्या वर्षी. तेव्हा शोधायचं ते हे: गच्चीवर आल्यापासून या कंदांना असं काय मिळालं नाही, जे आधी मिळत होतं?

निगा कशी होती

रोज सकाळी झारीनं पाणी. "एक दिवस चुकवत नाही. बाहेरगावी गेलो तर शेजारी किल्ली ठेवून जातो," काका म्हणाले, आणि त्यात अभिमान होता. दर पंधरवड्याला १९:१९:१९, म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश सारख्याच प्रमाणात असलेलं विद्राव्य खत. थंडी सरली की दर वर्षी कुंडी ओतायची, कंद सुटे करायचे, कुजलेलं शेणखत घालून नव्या मातीत लावायचे. डोक्यावर ७५ टक्के सावलीचं हिरवं शेडनेट, कारण त्याच जागेत नेचे आणि मनीप्लँटही आहेत. कुंड्या बारा इंची, खोल, आणि फरशीवर डाग पडू नयेत म्हणून प्रत्येकीखाली ताटली.

म्हणजे पाणी, अन्न, नवी माती, सावली, ऐसपैस जागा, कशाचीच कमतरता नाही. शेतकरी ज्याला झाड माजलं म्हणतो तसं हे माजलं होतं. गच्चीच्या कोपऱ्यात विसरलेल्या, फुटक्या डब्यातल्या पावसाळी लिल्या मी भरभरून फुललेल्या पाहिल्यात. इथे घोळ नेमका उलट्या बाजूनं होता.

बोलता बोलता आणखी एक गोष्ट कळली. दर वर्षी सुटे केलेले कंद लावणीपर्यंत स्वयंपाकघरात, कांद्याच्या टोपलीशेजारी वर्तमानपत्रावर पसरलेले असत. हे मात्र तिथल्या तिथे थांबवायला सांगितलं. पावसाळी लिलीचा कंद सोलल्यावर छोट्या कांद्यासारखाच दिसतो, पण त्यात लायकोरीन हे विषारी अल्कलॉइड असतं. पोटात गेला तर मळमळ, उलट्या होतात. लहान मुलं आणि कुत्री-मांजरं घरात असतील तर आणखीच जपायला हवं.

पानं काय सांगत होती

गडद गुलाबी (पुढे नुसती 'गुलाबी') म्हणजे झेफिरँथस कॅरिनाटा. पुष्कळ जण तिला अजून ग्रँडिफ्लोरा या जुन्या नावानंच ओळखतात. तिचं पान चपटं, बोटाच्या नखापेक्षा अरुंद, बुडाशी लालसर. उन्हात वाढलं तर वीत-दीड वीत होतं आणि बऱ्यापैकी ताठ राहतं. इथे ते दोन विती लांब होऊन कुंडीच्या कडेवरून खाली लोळत होतं, आणि रंग काळपटाकडे झुकणारा गर्द हिरवा. लांबट लोळणारं पान म्हणजे ऊन कमी, गर्द रंग म्हणजे नत्र जास्त. दोन्ही एकाच पानात वाचता येत होतं.

पिवळीची, म्हणजे सिट्रिनाची, पानं अरुंद आणि पन्हळीसारखी. तीही अशीच लोळलेली. पांढरीची पानं तशी नव्हती. कँडिडाचं पान जवळजवळ गोल, जाड सुतासारखं असतं आणि सावलीतही ते बरंच उभं राहतं. ती कुंडी त्यातल्या त्यात सुखी दिसत होती, तिच्याकडे नंतर येतो. चौथीची पानं करड्या हिरव्या रंगाची, आणि त्यातल्या काहींवर तांबूस रेघा. त्या रेघा मला आवडल्या नाहीत.

कुंडी ओतल्यावर

निदान पक्कं करण्यासाठी एक कुंडी ओतायची ठरली. पिवळीची निवडली, कारण तिच्यात कंद जास्त होते आणि चार दुखावले तरी चाललं असतं. कुंडी आडवी करून कडेनं थापट्या मारल्या, हाताचा आधार देऊन मातीचा गड्डा सरकवला.

वरचा चार बोटांचा थर ठीक होता. कंद वाटाण्याएवढ्या पिल्लांपासून मोठ्या सुपारीएवढे, वर तपकिरी पापुद्रे, खाली पांढरी, सुतळीसारखी जाड मुळं. त्याखाली मुळं संपली आणि नुसती माती सुरू झाली: काळी, चिकट, मुठीत दाबली की बोटांच्या फटींतून पाणी येईल अशी. वास आंबूस. सगळ्यात खाली खापरांचा दोन इंची थर, आणि त्या थराला टेकलेली माती सगळ्यात ओली.

खापरांपाशी जरा थांबायला हवं, कारण हा थर पुष्कळ घरांतल्या कुंड्यांत असतो. समजूत अशी की तळाशी खापरं किंवा खडी टाकली की निचरा होतो. होतं उलटं. बारीक मातीत पाणी केशाकर्षणानं धरलेलं असतं. खाली एकदम मोठ्या पोकळ्या आल्या की ते त्यांत सहजी उतरत नाही. सीमेवरची माती पुरती तुडुंब होईपर्यंत तिथेच अडून बसतं. कुंडी कुठलीही असो, पाणी निथळून गेल्यावरही तळाशी असा एक ओला पट्टा उरतोच, आणि त्याची उंची मातीच्या कणांवर ठरते, कुंडीच्या खोलीवर नाही. खापरं टाकून तो पट्टा नाहीसा होत नाही, तेवढाच वर, मुळांकडे सरकतो. माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर एक खापर उपडं ठेवावं, बस.

यातूनच एक अडचणीची गोष्ट निघते. लहान कंदांना पसरट, उथळ कुंडी बरी असं सगळे सांगतात, मीही सांगतो. पण ओल्या पट्ट्याची उंची तीच राहणार असल्यामुळे उथळ कुंडीचा बराच हिस्सा त्या पट्ट्यातच जातो. खोल कुंडीतली माती जशीच्या तशी उथळ कुंडीत भरली तर कंद आणखी ओलीत बसतात. कुंडी उथळ करायची तर माती भरड करावीच लागते. यातलं एक करून दुसरं टाळण्यात अर्थ नाही.

मुळांबद्दलही एक गोष्ट दिसली. ती जाड असतात कारण त्यांत साठा असतो, आणि कंद विश्रांतीत गेला तरी ती पुष्कळशी जिवंत राहतात. दर वर्षी कुंडी ओतून, कंद सुटे करून, माती झटकून पुन्हा लावताना काका नेमकी ती तोडत होते. ग्लॅडिओलससारखे कंद काढून कोरडे ठेवता येतात, तसा हा कंद नाही. मुळं तुटली की हंगामाचा मोठा भाग ती परत धरण्यात जातो. शिवाय दाटीवाटीनं बसलेली पावसाळी लिली मोकळ्या अंतरावर लावलेलीपेक्षा जास्त फुलते, हा कुंडीत ती पाळणाऱ्यांचा नेहमीचा अनुभव. तीन-चार वर्षांत एकदा, कंद एकमेकांना वर ढकलू लागले की वेगळे करावेत.

ताण

मुख्य कारण मात्र पाणी. फळबागांत बहार धरताना पाणी तोडून झाडाला ताण देतात आणि मग भरपूर पाणी देऊन तो ताण मोडतात. पावसाळी लिलीचं चक्र त्याच वळणाचं आहे. मूळ मुलखात, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडे, गुलाबी आणि पिवळीला कोरडे आठवडे सोसावे लागतात, मग जोराची सर येते, मग पुन्हा उघडीप. कोरड्यात वाढ थांबते, पानं पिवळी पडतात, कंदातल्या कळ्या तयार होऊन थबकतात. पाणी खोलवर मुरलं की साधारण तीन ते सहा दिवसांत पोकळ दांडा वर येतो. एवढी घाई जमते, कारण नव्यानं काही घडवायचं नसतं. जे तयार आहे ते पाण्यानं फुगून लांब व्हायचं असतं.

रोजच्या झारीनं या चक्राची दोन्ही टोकं कापली. कोरडा काळ कधी आलाच नाही, आणि म्हणून पाणी नव्यानं मुरण्याचा क्षणही आला नाही. "मग पाऊस पडला तेव्हा का नाही फुलल्या?" काकांनी विचारलं. रास्त प्रश्न. आधीच भिजलेल्या मातीवर पाऊस पडला तर कंदाला काय कळणार की काही बदललं?

आणखी एक समज काकांच्या बोलण्यात होता, आणि तो बऱ्याच जणांचा असतो: ही फुलं फक्त पावसाच्या पाण्यानं येतात, नळाच्या पाण्यानं नाही. पावसाचं पाणी मऊ असतं, हवा गार करतं, आणि त्याची सर झारीपेक्षा कितीतरी खोल मुरते, हे खरं. पण ताण नीट बसलेला असेल तर नळाच्या पाण्यानंही कंद फुलतो. नळाचं पाणी जड असेल तर क्षार साचतात, कुंडीच्या कडेला पांढरी किनार धरते. काकांच्या चारही कुंड्यांना ती होती. तिच्यावर उपाय म्हणजे अधूनमधून एकदा कुंडीच्या मापाच्या दुप्पट-तिप्पट पाणी वरून सोडून सगळं तळातून वाहून जाऊ देणं. ताटली अर्थातच काढून.

काय केलं

चारही कुंड्यांना एकच औषध द्यायचं नव्हतं. गुलाबीला मुद्दाम हात लावला नाही: तीच कुंडी, तीच माती, फक्त ताटली काढली, शेडनेटखालून बाहेर आणली आणि पाणी-खत बंद. माती न बदलता नुसत्या ताणानं आणि उन्हानं फुलली, तर दोष मातीचा नव्हता हे पक्कं कळणार होतं. सावलीत वाढलेली पानं एकदम कडक उन्हात ठेवली तर भाजतात, म्हणून आठवडाभर टप्प्याटप्प्यानं ऊन वाढवत नेलं. पाच-सहा तास थेट ऊन मिळेल अशी जागा शेवटी कठड्याजवळ सापडली.

पिवळी ओतलेलीच होती. तिच्यासाठी सहा इंच खोलीची पसरट कुंडी आणि भरड मिश्रण: एक भाग चाळलेली माती, एक भाग दोन ते चार मिलिमीटरची खडी, अर्धा भाग गांडूळखत, अर्धा भाग परलाइट (हलके, पांढरे खनिज दाणे). वाळू वापरायची तर जाड हवी आणि धुऊन, बारीक भाग काढून. बांधकामाची बारीक वाळू मातीच्या पोकळ्या बुजवते आणि निचरा आणखी बिघडवते. कंद मुळांसकट, शक्य तेवढे गठ्ठ्यानं बसवले, दोन कंदांत दोन बोटांचं अंतर, कंदाच्या खांद्यावर दोन-तीन सेंटिमीटर माती. खोली अगदी मोजून ठेवायची गरज नाही. या कंदांना आखडणारी मुळं असतात, ती कंदाला हळूहळू हव्या त्या खोलीवर ओढून नेतात.

ताण किती दिवस द्यायचा, याचं उत्तर काकांना दिनदर्शिकेवर खूण करून हवं होतं. तसं देता येत नाही. गुलाबीला तीन ते सहा आठवडे लागू शकतात. ऊन, वारा, कुंडीचं माप यांवर ते हलतं. त्यापेक्षा तीन गोष्टी पाहायला सांगितल्या. कुंडी उचलून वजन पाहायचं, पाणी दिल्यावर केवढी जड होती ते हाताला लक्षात राहतं. पानांची टोकं पिवळी पडू लागली का ते पाहायचं. आणि बोटानं माती थोडी बाजूला करून एखादा कंद दाबायचा: टणक लागला तर ताण चालू ठेवावा, बोटाखाली दबला तर ताण जास्त झाला, वाटीभर पाणी द्यावं.

यात सगळ्यात अवघड भाग कंदाचा नव्हता. रोज सकाळी झारी घेऊन गच्चीवर जाणाऱ्या माणसाला बाकीच्या कुंड्यांना पाणी घालून गुलाबीला ओलांडून जायला सांगणं म्हणजे शिक्षा. पानं पिवळी पडायला लागली तसा काकांचा जीव कासावीस व्हायला लागला, आणि मध्येच एकदा त्यांनी गुलाबीला पेलाभर पाणी घातलंच. त्याचं फळ आठवड्यात दिसलं: मधोमध हिरव्या पानांचे चार तुरे, कळी नाही. अर्धवट पाणी हे सगळ्यात वाईट. विश्रांती मोडते, दांडा वर येण्याइतकी ओल मात्र कंदाला मिळत नाही. पुन्हा पाणी तोडलं आणि ताण नव्यानं सुरू झाला. या वेळी काकूंनी झारी आपल्या ताब्यात घेतली.

ताण मोडताना झारी वापरली नाही. माती पूर्ण वाळली की आकसते, कुंडीच्या कडेनं फट पडते आणि वरून घातलेलं पाणी त्या फटीतून थेट तळाच्या भोकातून निघून जातं. गड्डा आतून कोरडाच राहतो. म्हणून कुंडी पाण्याच्या टबात, पाणी कुंडीच्या काठाजवळ येईल अशी ठेवली. मातीतून हवेचे बुडबुडे येत राहिले. ते थांबले तेव्हा बाहेर काढून दोन विटांवर निथळत ठेवली. दुसऱ्या दिवशी वरून आणखी एकदा पोटभर पाणी. मग माती वाफशावर, म्हणजे चिखल ओसरून नुसती ओलसर राहण्यावर, येईपर्यंत पुन्हा काही नाही.

चौथ्या दिवशी गुलाबीच्या पिवळ्या पडलेल्या पानांच्या कचऱ्यात लालसर टोकं दिसली. पान उगवताना त्याचं टोक चपटं, हिरवं असतं. कळीचं टोक गोलसर, पेन्सिलीच्या टोकासारखं, आणि कागदासारख्या पातळ तांबूस वेष्टनात गुंडाळलेलं. दिवसभरात दांडा बोटभर वर आला. पाचव्या दिवशी वेष्टन एका बाजूनं फाटून कळी बाहेर निघाली आणि सहाव्या दिवशी, ऊन तापल्यावर, पहिली फुलं उघडली: सहा पाकळ्या, तळाशी हिरवट घसा, सहा पिवळे पुंकेसर. एका दांड्यावर एकच फूल. संध्याकाळी मिटलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडलं, मग कोमेजलं. पण कंद बरेच असले की फुलं पुढेमागे येतात आणि कुंडी चार-पाच दिवस भरलेली दिसते. जुनी माती, खोल कुंडी, खापरांचा थर, सगळं तसंच होतं. बदललं होतं ते पाणी, खत आणि ऊन.

पिवळीनं त्या फेरीत मोजकीच फुलं दिली. अपेक्षितच होतं, ती नुकती हलवलेली होती. पुढच्या फेरीत तिनं भरपाई केली.

पांढरीचं शास्त्र वेगळं

गुलाबी फुलल्यावर काकांचा उत्साह असा की त्यांनी पांढरीचंही पाणी लगेच तोडायला घेतलं. तिथे थांबवावं लागलं. कँडिडा दक्षिण अमेरिकेतली, अर्जेंटिना-उरुग्वेकडच्या ओलसर, पाणथळ जमिनीतली. ती सदाहरित असते, सतत ओल सोसते, इतकी की छोट्या तळ्याच्या काठावरही लावतात. लांब कडक ताणानं ती फुलण्याऐवजी आक्रसते. शिवाय तिचा फुलायचा काळच उशिरा, उन्हाळा उतरतीला लागल्यावर. बाकीच्या जाती फुलत असताना ती गप्प असते, याला आजार समजू नये.

मग तिचं बिनसलं कुठे? ऊन आणि खत, एवढंच. शेडनेटखालून काढली, १९:१९:१९ थांबवलं, त्याऐवजी पानं वाढत असताना तीन-चार आठवड्यांतून एकदा १३:००:४५, म्हणजे नत्र कमी आणि पालाश जास्त असलेलं खत, लिटरला एक ग्रॅम. माती ओलसर ठेवली, पण ताटलीत पाणी साचू दिलं नाही. एक बारीक दुरुस्ती आणखी: या जातीच्या कंदाची मान लांबट असते आणि काकांनी ती दर वर्षी पूर्ण पुरली होती. मानेचं टोक मातीच्या पातळीला येईल इतकी वरची माती काढून घेतली. हवा थोडी निवल्यावर पांढरी फुलं आली, दाट नाही, पण आली.

चारही कुंड्यांवरच्या चिठ्ठीवर 'पावसाळी लिली' एवढंच लिहिलेलं होतं. एका नावाखाली दुष्काळ मागणारी आणि दलदल चालणारी अशा दोन्ही जाती येतात, हे त्या चिठ्ठीवरून कळायला मार्ग नव्हता. फूल नसताना ओळखायला पान पुरतं: गोल सुतासारखं असेल तर पाणी तोडू नका.

चौथी कुंडी

चौथी जात रोबस्टा. पूर्वी हिला हॅब्रँथस म्हणत. विल्यम हर्बर्ट यांनी झेफिरँथस ही प्रजाती १८२१ मध्ये आणि हॅब्रँथस १८२४ मध्ये वेगळी मांडली; २०१९ मध्ये हॅब्रँथस झेफिरँथसमध्येच सामावून घेण्यात आली. कुंडीत फरक मात्र डोळ्यांना दिसतो: हिचं फूल दांड्यावर जरा तिरकं बसतं आणि पुंकेसर चार वेगवेगळ्या लांबींचे असतात.

इथे न फुलण्याचं कारण ताणापुरतं नव्हतं. पानं बुडाशी बाजूला केली तर मानेच्या फटींत कापसासारखे पांढरे पुंजके: पिठ्या ढेकूण ही रस शोषणारी कीड. वरून फवारून ते जात नाहीत, कारण निम्मे पापुद्र्यांच्या आत बसलेले असतात. कंद काढले, वाळके पापुद्रे सोलले, पाण्याच्या धारेखाली धुतले, उरलेले पुंजके स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसानं टिपले. मऊ पडलेले कंद टाकून दिले. बाकीचे सावलीत दोन दिवस सुकवून नव्या मिश्रणात, धुतलेल्या कुंडीत लावले. मुळं तुटतात हे इथे पत्करावं लागलं.

तांबूस रेघा हा दुसरा प्रश्न. लिलीच्या या कुळात, अमरिलिसवर तर फारच, पानांवर आणि दांड्यांवर लालसर चट्टे आणणारी एक बुरशी आढळते. घोटाळा असा की निरोगी पानाच्या बुडाशीही लाली असते. फरक हाताला कळतो: नैसर्गिक लाली बुडाशी सगळीकडे सारखी, गुळगुळीत, वर जाताना विरत जाणारी, बुरशीची रेघ कुठेही मध्येच, कडा स्पष्ट, पुढे मध्यभाग तपकिरी होऊन किंचित खोलगट लागतो आणि पान तिथे वाकडं होतं. इथे दुसरी होती. पानांवरून पडणाऱ्या झारीच्या पाण्याचे शिंतोडे तिला एका पानावरून दुसऱ्यावर नेतात. चट्ट्यांची पानं बुडापासून कापून कचऱ्यात टाकली, कात्री दर वेळी पुसून. कुंडी बाकीच्यांपासून गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, आणि पाणी फक्त मातीवर.

त्यानंतर

उन्हाळाभर गुलाबी आणि पिवळीला ताण-पाणी, ताण-पाणी अशा फेऱ्या देता येतात. एकदा चक्र बसलं की ताण दोन-तीन आठवड्यांचाही पुरतो. पण प्रत्येक फेरीनंतर कंदाला पानांवर जगायला वेळ द्यावा लागतो, पुढच्या कळ्या त्याच अन्नावर धरतात. फुलांचा लोभ करून सारखा ताण दिला तर कंद दर वर्षी लहान होत जातो. काकांना हे सांगताना मला थोडी धास्ती होती, कारण फुलं पाहिल्यावर ते दुसऱ्या टोकाला जाण्याची लक्षणं दिसत होती.

पाऊस सुरू झाला आणि अळ्या आल्या. काळ्या अंगावर पांढुरके-पिवळसर ठिपके असलेल्या या अळ्या पान पोखरत कंदापर्यंत उतरतात, आणि एका रात्रीत कुंडी बोडकी करतात. फवारणीच्या आधी हातानं वेचणं हाच सगळ्यात खात्रीचा उपाय. पानांच्या बुडाशी बॅटरी मारून पाहिलं की सापडतात. थंडीत गुलाबी, पिवळी आणि रोबस्टा जवळजवळ कोरड्या ठेवायच्या. जिथे पाणी गोठतं अशा ठिकाणी कुंड्या आडोशाला आणाव्या लागतात, कुंडीतला कंद जमिनीतल्यापेक्षा लवकर गारठतो. पांढरी त्यातल्या त्यात जास्त थंडी काढते.

पिवळीनं बीही धरलं. तीन कप्प्यांची बोंडं, वाळून उकलली की आत काळे, चपटे, कागदासारखे तुकडे. हे बी फार दिवस टिकत नाही, ताजंच पेरावं: ट्रेमध्ये भरड मिश्रणावर पसरून वर माती भुरभुरायची, दोन-तीन आठवड्यांत हिरवे केस उगवतात. त्यांना पहिली दोन वर्षं ताण द्यायचा नाही. काकूंनी झारी परत केली ती याच ट्रेसाठी. रोज पाणी घालायला काकांना एक जागा मिळाली.

रोबस्टाची कुंडी अजून एकटीच आहे. नव्या पानांवर रेघ नाही. फूलही आलेलं नाही, धुऊन लावलेल्या कंदांकडून या हंगामात ते मागायचंही नाही. पुढच्या उन्हाळ्यात पानं स्वच्छ राहिली तर तिलाही ताण देऊ. पुन्हा चट्टे दिसले तर कंद मातीसकट फेकायचे आणि ती माती दुसऱ्या कुठल्याच कुंडीत वापरायची नाही, असं ठरलं आहे.